फ्रान्सातील एका इंग्रज बिऱ्हाडाची कागदपत्रे

बखर खरी की पत्र खरे, हा वाद महाराष्ट्रात कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तेव्हापासून चालत आलेला आहे. समकालीन अस्सल कागद तेवढा प्रमाण, मागाहून आठवून लिहिलेले ते दुय्यम, असा त्या वादाचा सर्वसाधारण निकाल होय. आणि याच निकालाच्या धोरणाने आपल्या मंडळांचे रुमाल भरले गेले. राजकारणाच्या इतिहासास हा निकाल बहुतांशी लागू पडतो. अमुक तिथीस मुक्काम कोठे होता, तहाची कलमे काय ठरली, फौज किती होती, हे पत्रानेच सांगावे. परंतु घरगुती आयुष्याचा इतिहास निराळा. घरात कोणाचा शब्द चाले, मुलांस काय व कसे शिकवीत, परमुलखात राहिलेल्या माणसास तेथले काय भावले व काय खुपले, या प्रश्नांस तोच निकाल जसाच्या तसा लावता येतो काय, याचा विचार व्हावा तितका झालेला नाही. नाना फडणिसांचे आत्मवृत्त हे आठवून लिहिलेले आहे. पण पानिपताच्या गर्दीत आई हरवल्याचे दुःख आणि स्वतःच्या मनाचे दोष त्याने त्यात जसे मांडले, तसे त्याच्या हजारो राजकीय पत्रांत सापडावयाचे नाहीत.

या प्रश्नाची कसोटी पाहावयाची तर असे एखादे घर पाहिजे की, ज्यातील एकाच वर्षाचे रोजचे टिपण उपलब्ध आहे, ते टिपणाऱ्याचीच त्या वर्षाची पुष्कळ काळाने लिहिलेली आठवण उपलब्ध आहे, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या कोणा माणसाचीही साक्ष उपलब्ध आहे. असा त्रिवेणी योग आपल्याकडे दुर्मिळ. तो मला दक्षिण फ्रान्सात जाऊन राहिलेल्या एका इंग्रज कुटुंबाच्या कागदांत आढळला. विषय परका आहे. तथापि जुने कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या वाचकांस तो परका वाटणार नाही अशी आशा आहे.

१८१४ मध्ये नेपोलियन पदच्युत झाला आणि वीस-बावीस वर्षे बंद असलेली फ्रान्सची वाट इंग्रजांस मोकळी झाली. पुढील वर्षीचे वॉटर्लू आटोपल्यावर तर इंग्रज कुटुंबांची तिकडे रीघ लागली. कारणे फारशी उदात्त नव्हती. इंग्लंडात महागाई फार, फ्रान्सात स्वस्ताई. निम्म्या पगारावर घरी बसविलेल्या अंमलदारास तिकडे चाकरनोकर ठेवून राहता येई. दमेकऱ्यास व क्षयी माणसास दक्षिणेकडील ऊन मानवे. आणि मुलांस फ्रेंच भाषा व नृत्यसंगीत फुकटात नाही तरी थोडक्यात शिकविता येई. यांपैकी बहुतेकांनी आपापल्या वसाहती शहरांत केल्या व तेथे आपसांतच चहा घेत दिवस काढले. ज्या कुटुंबाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याने तसे केले नाही. ते खेड्यात जाऊन राहिले.

सर सॅम्युएल बेंथम (१७५७–१८३१) हा जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. जेरेमीचे नाव आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांस चांगले परिचयाचे होते, सॅम्युएलचे नाही. तरुणपणी हा रशियात कॅथरीन राणीच्या चाकरीत होता. तेथून परतल्यावर १७९६ पासून तो इंग्लंडच्या आरमारी बांधकामाचा मुख्य तपासनीस झाला. गोद्यांत यंत्रे बसविणे, कामांतील लबाडी उघडकीस आणणे, हिशेब ताळ्यावर आणणे हा त्याचा उद्योग. आणि असा उद्योग करणाराचे कचेरीत मित्र किती उरतात हे सांगावयास नको. त्याची जागा मोडण्यात आली व १८१२ साली निवृत्तिवेतन देऊन त्यास मोकळे करण्यात आले. तह होताच तो बायकामुलांसह फ्रान्सात गेला, तो १८२६ पर्यंत तेथेच राहिला.

या बिऱ्हाडाचा प्रवासही त्याच्या धन्याच्या यंत्रप्रेमास साजेसा होता. मुलगा जॉर्ज याने उतारवयात लिहिलेल्या आठवणींवरून कळते की, फ्रान्सचा दौरा करण्यासाठी सर सॅम्युएलने गाड्यांचा एक काफिलाच सिद्ध केला होता. आईबापांसाठी एक गाडी, मुलांमुलींसाठी दुसऱ्या. आणि त्यांत ग्रंथ व पियानो यांचीही सोय केलेली. वाटेत जेथे पडेल तेथे गाडीतच मुक्काम करावा, अशी मूळ कल्पना. पेशव्यांच्या बायकांच्या यात्रेचे सरंजाम ज्यांनी वाचले आहेत त्यांस या थाटाचे नवल वाटणार नाही. फक्त वाद्य तेवढे निराळे.

याच भ्रमंतीत आंगुलेम गावी एक लहानशी गोष्ट घडली. बेंथमबाईने द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाचा फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथ विकत घेतला होता. वनस्पती कशी ओळखावी याचे त्यात कोष्टक होते. ‘असे असेल तर या कलमाकडे जा, तसे असेल तर त्या कलमाकडे’, अशा पायऱ्यांनी शेवटी नावापर्यंत पोचविणारे. जॉर्ज तेव्हा सतरा वर्षांचा. कोष्टकाची तर्कपद्धती त्यास इतकी आवडली की, तो तसाच घराच्या मागल्या बाजूस गेला, हातास लागेल ती वनस्पती उपटली व कोष्टकावरून नाव शोधून काढले. ती शेतावळीतली साल्व्हिया निघाली. हाच जॉर्ज बेंथम (१८००–१८८४) पुढे जोसेफ हूकरच्या जोडीने ‘जेनेरा प्लांटारम्’ (१८६२–८३) रचणारा विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होय. आपल्या इकडील वनस्पतींची वर्गवारी पुष्कळ काळ त्याच ग्रंथाच्या क्रमाने झाली. पहिल्या दिवशी ओळखलेली साल्व्हिया ज्या कुळातली, त्याच कुळावर त्याने १८३२ ते १८३६ या काळात आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला. आणि आपल्या दारातील तुळसही त्याच कुळातली. हा तुळशीचा संबंध मी ओढूनताणून जोडीत नाही. वॉलिच याने हिंदुस्थानातून नेलेल्या वनस्पतींपैकी त्या कुळाच्या वनस्पती जॉर्जनेच तपासून लाविल्या आहेत.

तात्पर्य इतकेच की, आंगुलेमच्या परसातली ही गोष्ट कोणत्याही समकालीन पत्रावरून नव्हे, तर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या आठवणीवरून आपणास ठाऊक आहे. ती घडली त्या दिवशी घरात कोणास ती टिपून ठेवावीशी वाटण्याचे कारण नव्हते. मुलगा परसात गेला व झाड घेऊन आला, एवढेच! घटनेचा अर्थ पुढे घडलेल्या आयुष्याने लागला. रोजनिशी लिहिणारास पुढले दिसत नाही, ही तिची मर्यादा.

आता रोजनिशीकडे वळू.

१८२० च्या मे महिन्याच्या १५ तारखेस लंडनहून एक मुलगा निघाला. पाच दिवसांनी त्यास चौदावे वर्ष पुरे होऊन पंधरावे लागावयाचे होते. वाटेत पॅरिसला त्याचा मुक्काम बापाचे स्नेही अर्थशास्त्रज्ञ झाँ-बातीस्त से यांच्या घरी झाला. जूनच्या आरंभी तो तुलूझ व मोंतोबाँ यांच्या दरम्यान गारोन नदीच्या खोऱ्यावरील उंचवट्यावर असलेल्या पाँपिन्याँच्या गढीत पोचला. ही गढी व्हॉल्टेअरने ज्याची टर उडविली त्या पाँपिन्याँ कवीच्या वंशजाची; बेंथम कुटुंबाने ती तेव्हा भाड्याने घेतली होती. या मुलाचे नाव जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ प्रमाण मानले तोच हा. आमंत्रण सहा महिन्यांचे होते. ते वाढत वाढत वर्षावर आले.

जॉनचा बाप जेम्स मिल याने मुलाच्या शिक्षणाचा जो प्रयोग केला तो सर्वश्रुत आहे. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, आणि बरोबरीच्या मुलांशी खेळणे जवळजवळ नाहीच. हा तोच जेम्स मिल, की ज्याने हिंदुस्थानात पाऊल न टाकता व येथील एकही भाषा न शिकता हिंदुस्थानाचा इतिहास लिहिला (१८१७), आणि वर प्रस्तावनेत हे अज्ञान निःपक्षपाताला उपकारकच आहे असे प्रतिपादिले. संस्कृताच्या अभ्यासात ज्यांचे केस पांढरे झाले त्यांनी या युक्तिवादाकडे कोणत्या मुद्रेने पाहावे, हे मी त्यांच्यावरच सोपवितो. असो. अशा बापास आपण वेळ कसा घालविला याचा रोजचा झाडा द्यावयाचा, एवढ्यासाठी जॉनने ही रोजनिशी लिहिली आणि पत्ररूपाने हप्त्याहप्त्याने घरी पाठविली.

तिचे स्वरूप आपल्या रोजकीर्दीसारखे आहे. जमाखर्च पैशांऐवजी घटकांचा. किती वाजता उठलो, न्याहारीपर्यंत व्हॉल्टेअरचे किती वाचले, व्हर्जिलच्या किती ओळी, लूशियनचे किती, लजांद्रच्या भूमितीतले कोणते साध्य, बीजगणिताची किती उदाहरणे, फ्रेंचचा धडा, गाण्याचा धडा, नाचाच्या मास्तरांकडे जाणे, पट्टा खेळण्याचा धडा, घोड्यावर बसण्याचा धडा. पहाटे पाच-साडेपाचला सुरू झालेली ही यादी रात्रीपर्यंत चालते. अलेक्झांडर बेन याने १८८२ साली मिलविषयी पुस्तक लिहिले तेव्हा या रोजनिशीतील काही दिवस त्याने नमुन्यादाखल दिले व त्यावरून मुलाच्या अभ्यासाचे तास मोजून दाखविले. चौदा वर्षांच्या पोराने परदेशी हवापालटासाठी जाऊन दिवसाचे आठ-नऊ तास पुस्तकांत काढावे, याचे बेनलाही बरे वाटलेले दिसत नाही. घर बदलण्याच्या धांदलीत पुस्तके बांधली गेली की मुलाची तारांबळ उडे, तीही या रोजनिशीत दिसते.

यात घर दिसते काय? दिसते, पण फटीतून. पाँपिन्याँहून बिऱ्हाड तुलूझला हलले, तेथून उन्हाळा सरता सरता पिरेनीज पर्वतात बान्येर-द-बिगोरला गेले, हिवाळ्यास मोंपेलिएला. एवढ्या हालचालींत सामान बांधणे व सोडणे किती वेळ झाले असेल! शिकवणीला मास्तर कोण येत, कोणत्या वेळी येत, कधी चुकवीत, मुली काय करीत, जॉर्ज कोणत्या रानात वनस्पती गोळा करावयास घेऊन गेला, हे सारे नोंदले आहे. गावचे हवामान आहे, रस्ते आहेत, फ्रेंच शेजारी आहेत. पण मन नाही. आनंद झाला, कंटाळा आला, आईची आठवण झाली, असे शब्द दुर्मिळ. असतील कसे? कागद ज्याच्या हाती पडावयाचा तो बाप अशा शब्दांची किंमत करणारा नव्हता. समकालीन कागद म्हणून जे आपण प्रमाण मानतो, तोही कोणास तरी उद्देशून लिहिलेला असतो आणि वाचणाराच्या भयाने किंवा भिडेने त्यातून काही गाळलेले असते. पेशव्यांस लिहिलेल्या सरदारांच्या विनंतिपत्रांचा अनुभव ज्यांस आहे त्यांस हे नवे नाही.

आता त्याच माणसाची आठवण पाहावी. मिलच्या आत्मचरित्राचा बहुतेक भाग १८५३–५४ च्या सुमारास, म्हणजे त्या वर्षानंतर तेहेतीस-चौतीस वर्षांनी लिहिला गेला व ते त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये छापले गेले. रोजनिशीत ज्या नृत्य-पट्टा-घोडदौडीच्या शिकवण्यांनी पानेच्या पाने भरली, त्यांची संभावना येथे एका वाक्यात आहे. निरनिराळ्या शारीरिक व्यायामांचे धडे घेतले, पण एकातही प्रगती झाली नाही, एवढेच मिल सांगतो. अभ्यासाचे तास तर कोठच्या कोठे गेले. उलट जे रोजनिशीत तारखेपुरते आहे ते येथे फुलून आले आहे. पिरेनीजमधील मुक्काम, पो, बायोन, बान्येर-द-ल्युशों येथपर्यंतची भटकंती, पिक द्यु मिदी हे शिखर चढून जाणे. उंच पर्वतांचे ते पहिले दर्शन. निसर्गसौंदर्याविषयीची आपली रुची त्याने कायमची ठरविली असे तो म्हणतो. आणि सर्वांत मोठा लाभ म्हणून तो काय गणतो? त्या वर्षभर आपण युरोपीय जीवनाच्या मोकळ्या, प्रेमळ हवेत श्वास घेतला, हे. इंग्रज समाजात जो तो दुसऱ्यास वैरी किंवा उपद्रव समजून वागतो. फ्रेंच माणसांत स्नेहाने वागणे ही रीत, इतर वागणे हा अपवाद. हा फरक त्यावेळी आपणास स्पष्टपणे कळलाही नव्हता, असेही तो प्रांजलपणे सांगतो.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. जे त्यावेळी कळले नव्हते ते रोजनिशीत येणे अशक्यच. म्हणजे केवळ रोजनिशी उरली असती तर आपण म्हटले असते की, बापाचा जाच फ्रान्सातही मुलाच्या मानेवर बसलेला होता. आणि केवळ आत्मचरित्र उरले असते तर म्हटले असते की, ते वर्ष म्हणजे निव्वळ मोकळीक व डोंगर. दोन्ही निष्कर्ष अर्धे. पहाटे पाचला उठून व्हर्जिल वाचणारा आणि पर्वताच्या माथ्यावर पहिल्यांदा उभा राहिलेला मुलगा एकच होता, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याखेरीज समजत नाही. मोंपेलिएच्या हिवाळ्याचेही तसेच. आत्मचरित्रात तेथील विद्यापीठातील व्याख्यानांचा उल्लेख आहे. आंग्लादाचे रसायन, प्रोव्हाँसालचे प्राणिशास्त्र, झर्गोनचे तर्कशास्त्र. पुढे ज्याच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथाने (१८४३) युरोप गाजावयाचा होता, त्याने त्या विषयाची पहिली नियमित व्याख्याने फ्रेंच भाषेत ऐकली व त्यांची टिपणे फ्रेंचमध्येच काढली. तेथेच त्यास अंत्वान बालार हा मित्र लाभला. यानेच पुढे १८२६ साली ब्रोमिन हे मूलद्रव्य प्रसिद्धीस आणले.

तिसरी साक्ष बेंथमबाईची. मेरी सोफिया ही डॉ. जॉर्ज फॉर्डाइस या नामांकित रसायनज्ञ वैद्याची मुलगी. घरात तिचा शब्द चाले व तो चालण्यास ती सर्वथा योग्य होती, असा निर्वाळा मिलच आपल्या आत्मचरित्रात देतो. तिने जेम्स मिलला धाडलेल्या पत्रात जो सूर आहे तो दोन्ही मिल-कागदांत नाही. मुलगा मोकळा सोडला की अंगाने व मनाने सुस्त होतो. ती सुस्ती घालविण्यात आपणास बरेच यश आले आहे. सबब त्यास आणखी राहू द्यावे. येणेप्रमाणे त्या घरच्या नाच-पट्टा-घोडदौडीचा उलगडा होतो. ते धडे शोभेसाठी नव्हते. ज्याला ग्रीक येते पण आपले आपण नीटनेटके राहता येत नाही, अशा पोरास माणसांत आणण्याचा त्या बाईचा तो बेत होता. रोजनिशीत हा बेत दिसत नाही, कारण मुलास तो ठाऊक नव्हता. आत्मचरित्रात दिसत नाही, कारण ‘प्रगती झाली नाही’ म्हणून लेखकाने तो विषय तेथेच मिटविला. मला तर वाटते, प्रगती झाली. पट्ट्यात नव्हे, पायी चालण्यात व वनस्पती हुडकण्यात. जॉर्जने लाविलेले वनस्पतींचे वेड मिलला मरेपर्यंत सुटले नाही.

बाईविषयी एक खंत नमूद करणे भाग आहे. तिने नवऱ्याचे चरित्र लिहिले. ते तिच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये छापले गेले. त्यात सारा रोख नवऱ्याच्या आरमारी कामगिरीवर. बारा वर्षे जिने गढ्या भाड्याने घेतल्या, फ्रेंच चाकर वागविले, तीन मुली वाढविल्या, थोरलीचे लग्न फ्रेंच सरदाराशी करून दिले, तिला स्वतःचा हा पराक्रम इतिहासात घालण्याजोगा वाटला नाही. आपल्याकडेही असेच आहे. मोहिमेचे कागद रेशमी रुमालात आणि कोठीघराचे वाण्याकडे पुड्यांना.

१८२०–२१ च्या हिवाळ्यातच सर सॅम्युएलने मोंपेलिएजवळ, पिक सँ-लू नावाच्या विलक्षण आकाराच्या डोंगराच्या पायथ्याकडे, रेस्तँक्लिएर ही जमीनदारी विकत घेतली. दोन हजार एकरांचा तो पसारा पाहण्याचे काम विशीतल्या जॉर्जवर पडले. शेतीचा कारभार करता करता याने चुलत्याच्या, म्हणजे जेरेमीच्या, लिखाणावरून फ्रेंचमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला (१८२३), आणि पिरेनीज व लांगदोक प्रांतांतील वनस्पतींची यादी १८२६ साली पॅरिसला छापली, तीही फ्रेंचमध्येच. मुलगा मोंतोबाँच्या प्रॉटेस्टंट विद्यालयात शिकलेला. त्याची पहिली दोन पुस्तके परभाषेत. एक-दोन वर्षे आणखी राहते तर हे घर फ्रेंचच झाले असते. पण त्याच साली कुटुंब इंग्लंडास परतले.

आता तो पाहुणा मुलगा. परत गेल्यावर १८२३ मध्ये तो बापाच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लागला आणि पस्तीस वर्षे तेथे राहिला. हिंदी संस्थानांशी चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे वर्षानुवर्षे त्याच्या हातून जात. १८५८ साली कंपनीचा कारभार संपला, मिल निवृत्त झाला, आणि त्या शरद् ऋतूत पत्नी हॅरिएट हिला घेऊन दक्षिणेकडील उन्हासाठी पुन्हा फ्रान्सात निघाला. अव्हिन्यों गावी पोचल्यावर हॅरिएट आजारी पडली व ३ नोव्हेंबर १८५८ रोजी तेथील ओतेल द ल्यूरोप या खाणावळीत वारली. तिला सँ-व्हेराँच्या स्मशानभूमीत पुरले. मिलने स्मशानाजवळच एक लहान घर विकत घेतले, ती ज्या खोलीत वारली तेथील सामान तेथे आणविले, आणि यापुढे वर्षातील मोठा काळ सावत्र मुलगी हेलन टेलर हिच्यासह तो तेथे राहू लागला. पाँपिन्याँच्या त्या उन्हाळ्यानंतर अडतीस वर्षांनी तो पुन्हा फ्रेंच खेडवळ मुलखाचा रहिवासी झाला. या वेळी पाहुणा म्हणून नव्हे.

या घराचे सर्वांत जिवंत चित्र एका खाजगी पत्रात आहे. पार्लमेंटची निवडणूक हरून मिल अव्हिन्योंला परतला, त्यानंतर १८६९ च्या जानेवारीत त्याने इंडिया हाऊसमधील जुना सहकारी विल्यम थॉर्न्टन यास ते लिहिले. हेलनने आपल्यासाठी तीसएक फूट लांबीची छपराखालची पडवी बांधविली आहे, थंडीपावसात तीत येरझारा घालाव्या. घराच्या दोन बाजूंनी फिरणाऱ्या गच्चीलाही घरात एक लांबलचक लॅटिन थाटाचे थट्टेचे नाव पडले आहे. शिवाय वाळविलेल्या वनस्पती ठेवण्यास कपाटे असलेली एक छोटी खोली, त्या पसरून पाहण्यास मोठे मेज, वनस्पतीच्या ग्रंथांस फळ्या. स्त्रियांच्या दास्याविषयीचे जे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, ते मुळात याच घरी लिहिले गेले होते, हे ध्यानात ठेवून ही पडवी पाहावी. युरोपात कोरडा तर्कपंडित म्हणून ज्याची ख्याती, तो घरात मुलीच्या थट्टेत इतका रमत असे, हे या एका पत्रावाचून कोणास कळले असते? आत्मचरित्रात यातले काही नाही.

तेथील त्याचा शेजारी मित्र म्हणजे कीटकांचा इतिहास लिहिणारा झाँ-आंरी फाब्र. दोघे मिळून वनस्पती गोळा करीत. १८७० च्या सुमारास फाब्रची नोकरी गेली व तो मुलाबाळांसह उघड्यावर पडला, तेव्हा मिलने त्यास तीन हजार फ्रांक कागदपत्राशिवाय दिले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी फाब्रबरोबर ओरांजच्या रानांत पंधरा मैल चालून आला, ताप चढला, आणि ७ तारखेस मिल त्या घरी वारला. हॅरिएटच्याच थडग्यात त्यास ठेविले. लुई रे नावाच्या तेथील प्रॉटेस्टंट उपदेशकाने प्रार्थना म्हटली, आणि नास्तिकाच्या प्रेतावर प्रार्थना म्हटल्याबद्दल स्वतःच्या मंडळींचा रोष पत्करला. याच रे याने पुढे मिलच्या अव्हिन्योंतील दिवसांविषयी फ्रेंचमध्ये लिहून ठेविले आहे.

येथून पुढची हकीकत कागद जमविणारास सुखाची नाही. हेलनने ते घर तीस वर्षांवर सांभाळले. तिचे वय झाले, स्मृती क्षीण झाली, तेव्हा १९०५ मध्ये तिची भाची मेरी टेलर हिने तिला इंग्लंडास नेले व घर आवरण्यास एका मैत्रिणीस घेऊन ती अव्हिन्योंला आली. तीन आठवडे काम चालले. त्या मैत्रिणीनेच लिहून ठेविले आहे की, अर्धा टन पत्रे निवडावयाची होती, नाना तऱ्हेचा कचरा बाजूस काढावयाचा होता, पुस्तके झाडावयाची होती. आणि अखेर अठरा पेट्या भरल्या. जे निरुपयोगी वाटले ते जाळले. उरलेली पुस्तके व काही कागद रूमानीय या अव्हिन्योंच्या पुस्तकविक्याकडे गेले. निवडणाऱ्यांस मिलचे नाव ठाऊक होते. कर्तव्यबुद्धीनेच त्या निवडीत होत्या. विद्वानांची पत्रे, सही असलेला कागद, ग्रंथांचे खर्डे, हे त्यांनी राखले. कचऱ्यात काय गेले असेल याची कल्पना त्यांच्या शब्दांवरूनच येते. घरखर्चाच्या वह्या, गवंड्याची व माळ्याची बिले, हेलनच्या आटोपशीर चिठ्ठ्या यांस कोण राखतो? पडवी बांधणाऱ्या गवंड्याशी झालेला ठराव आज हाती असता तर त्या घरातील कर्त्या बाईचे चित्र निम्मे अधिक उजळले असते.

राखलेल्यांचेही दिवस सरळ गेले नाहीत. १९२२ व १९२७ साली लंडनच्या सदबी पेढीवर त्यांचे लिलाव झाले आणि ते दोन खंडांत विखुरले. आत्मचरित्राचा पहिला खर्डा अमेरिकेस गेला. तो विद्वानांनी तपासला तेव्हा असे दिसून आले की, छापलेल्या ग्रंथात ज्या आईचा एका शब्दानेही उल्लेख नाही, तिच्याविषयी मिलने आधी लिहिले होते व मागाहून स्वतःच काढून टाकले होते. जे लिहिले होते ते कठोर आहे. पाँपिन्याँच्या रोजनिशीत आई नाही, आत्मचरित्रात आई नाही; ती होती ती फक्त खोडलेल्या ओळींत. आणि बेंथमबाईची जी प्रशंसा छापील ग्रंथात आहे, ती या खोडलेल्या ओळींशेजारी ठेवून वाचली म्हणजे त्या चौदा वर्षांच्या मुलाला परक्या घरात नेमके काय मिळाले होते, हे प्रथमच लक्षात येते.

वाळविलेल्या वनस्पतींचे बाड मात्र हेलनने मिलच्या मृत्यूनंतर लवकरच क्यू येथील सरकारी उद्यानाकडे पाठविले होते. जॉर्ज बेंथमने आपला संग्रह १८५४ मध्ये तेथेच दिला होता, व तो स्वतः तेव्हा तेथे रोज कामास बसत असे. रोजनिशी १९६० साली टोरांटोहून छापली गेली. जॉर्जच्या आठवणी, ज्यांचा आधार घेऊन डेडन जॅक्सनने १९०६ मध्ये त्याचे चरित्र लिहिले होते, त्या समग्र छापून निघण्यास १९९७ साल उजाडावे लागले. पाँपिन्याँच्या एकाच छपराखाली जेवलेल्या दोन मुलांचे कागद अशा रीतीने एकशे सत्त्याहत्तर वर्षांनी छापील रूपात एकमेकांशेजारी आले. पैकी एकाने तो उन्हाळा घटकांत मोजला आणि दुसऱ्याने वनस्पतींत.